बाण असलेला फोल्डर

जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच वर्ग पडतात. एक, खुद्द वस्तू. आणि दोन, ती वस्तू कुठे आहे हे सांगणारी चिठ्ठी. ज्याला हा भेद कळला त्याचं आयुष्यात काही हरवत नाही. हा सिद्धांत हयवदनरावांनी कारखान्याच्या ड्रॉइंग स्टोअरमध्ये चौतीस वर्षं पाळला, निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार असताना मांडला, आणि त्यानंतरही, कुणी विचारलं नाही तरी, मांडत राहिले. शुक्रवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी तो मोडला. त्या वेळी त्यांच्या डाव्या गालाची दाढी झालेली होती, उजव्या गालावर साबणाचा फेस होता, आणि मध्येच नळाला गार पाणी आलं म्हणून, गीझर तापेपर्यंत हाताला काहीतरी काम हवं म्हणून, ते लॅपटॉपसमोर बसले होते.

झालं ते एवढंच. डिस्क भरत आली आहे, अशी सूचना चार दिवस पडद्याच्या कोपऱ्यात येत होती. त्यांनी साफसफाई काढली. ‘अक्का’ नावाचा एक फोल्डर होता, त्याच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटा बाण. बाण म्हणजे चिठ्ठी, हे त्यांना ठाऊक होतं. मूळ फोल्डर बाहेरच्या खोलीत, शोकेसमधल्या काळ्या डब्यात, घरातल्या सामायिक डिस्कवर. त्यांच्या बायकोचा, वाणीबाईंचा. इथं नुसतं कार्ड. कार्डाची गर्दी कशाला? त्यांनी फोल्डर उघडला, आतल्या दोनशे बारा फायली निवडल्या आणि पुसून टाका म्हणाले. यंत्रानं विचारलं, कायमचं पुसू? परत मिळणार नाही. यंत्रांना विचारायची खोडच असते. त्यांनी हो म्हटलं. मग एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. सावकाश. एक, दोन, तीन. पाचव्या सेकंदाला हयवदनरावांचा हात माउसवरून उचलला गेला, पण तो कुठं ठेवायचा हे त्याला कळेना. अकराव्या सेकंदाला पट्टी भरली आणि नाहीशी झाली. खोलीत काही बदललं नाही. खाली रस्त्यावर शिवाजीनगरच्या स्टँडकडे वळणारी कानडी पाटीची बस हॉर्न देत होती. पण चिठ्ठी फाडायला अकरा सेकंद लागत नाहीत.

अकरा सेकंद. स्टोअरमध्ये एखादं ट्रेसिंग, म्हणजे मूळ आराखडा, बाहेर गेलं की त्याच्या जागी पिवळं कार्ड ठेवायचे. वर नंबर, खाली ‘मशीन शॉप’ किंवा ‘मोठे साहेब’. दर एप्रिलला जुनी पिवळी कार्डं निकालात निघत. हयवदनराव ट्रे पुढ्यात घेत, आतली कार्डं एकेक करून फाडत, ट्रे रिकामा झाला की तो उलटा करून झटकत, मग ट्रेही काढून टाकत. सगळा ट्रे एकदम कचऱ्यात टाकणारी माणसं असतात. त्यांना ते मनातून खालचं समजत. आधी आतलं, मग बाहेरचं. आजही त्यांनी तेच केलं होतं. ‘अक्का’ फोल्डर आता रिकामा, पडद्यावर जागच्या जागी, कोपऱ्यातला बाण तसाच. तो बाण आता त्यांच्याकडेच रोखल्यासारखा दिसत होता. त्यांनी खुर्ची मागे सारली, बाहेरच्या खोलीत जाऊन वाणीबाईंचा लॅपटॉप उघडला. तो विंडोजवाला, यांचा मुलीनं ऑफिसातून आणून दिलेला जुना, लिनक्सवाला. एका घरात दोन धर्म, असं हयवदनराव पाहुण्यांना सांगत आणि हसत. वाणीबाईंच्या पडद्यावर मधोमध ‘अक्का’. तोही बाणाचा. त्यांनी दोनदा टिचकी मारली. फोल्डर उघडला. आत काही नव्हतं.

नऊ वर्षं. हयवदनरावांना ‘अकरा सेकंद’ आणि ‘नऊ वर्षं’ हे दोनच शब्द सुचत होते, आणि ते शेजारी शेजारी बसायला तयार नव्हते. नऊ वर्षं वाणी फोन पर्समध्ये टाकून दुपारची बाहेर पडायची. शिवाजीनगर, चिकपेट, पार हेब्बाळच्या नव्या फ्लॅटांत मुलाकडं नेऊन ठेवलेल्या म्हाताऱ्या. दोनशे वर्षांपूर्वी इथं, कानडी मुलखात, आलेल्या घरांतलं मराठी, ज्यात निम्मी क्रियापदं कानडी आणि उरलेल्या निम्म्यांवर कानडीची हळद लागलेली. पुण्याच्या माणसाला ते ऐकून हसू येतं, आणि बोलणाऱ्या बाईला तो हसतोय हे कळतं, म्हणून ती गप्प बसते. वाणी बेळगावची, ती हसायची नाही. ती विचारायची, ‘मग अक्का, लग्नात तुमच्याकडं काय म्हणायचे हो?’ आणि अक्का सुटायच्या, फोन सगळं टिपून घ्यायचा. त्रेपन्न अक्का, दोनशे बारा फायली. त्यातल्या एकोणीस अक्का आता नाहीत. आणि सतरा नंबरची अक्का म्हणजे हयवदनरावांची आई, सुनंदाबाई.

सतरा नंबर त्यांनी कधी ऐकला नव्हता. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. वाणीनं एकदा पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं, ‘आत्तींनी तुमच्याबद्दल पण बोललंय त्यात. शेवटी. ऐका की एकदा.’ त्यांनी विचारलं होतं, ‘काय बोललीय?’ ती म्हणाली, ‘मी कशाला सांगू? आहे की तिथं.’ आणि तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं. आहे की तिथं. असल्यावर ऐकायची घाई नसते. खरं म्हणजे घाई नव्हती असंही नाही, भीती होती. शेवटची दोन वर्षं आई त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. पाणी तापलं. लाईट गेली. फोन वाजतोय. का, ते त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती खिडकीत बसून स्टँडवरच्या बसचे नंबर मोठ्यानं वाचायची, आणि त्या आवाजात त्यांच्यासाठी काही असेल का म्हणून ते पेपरच्या आडून कान देत. मग ती गेली. पण सतरा नंबर होता. जी गोष्ट आईला विचारायची होती ती त्यांनी सतरा नंबरवर टाकली आणि मोकळे झाले. सहा वर्षं मोकळे होते. वाणी बाहेर पडताना बघून हसली होती तो उजव्या गालावरचा फेस आता वाळायला लागला होता. कातडी आवळून कुणीतरी गाल चिमटीत धरल्यासारखा वाटत होता.

मुलगी, धनलक्ष्मी, महादेवपुऱ्यात कंपनीत होती. तिसऱ्या वेळी तिनं फोन उचलला आणि कुजबुजत म्हणाली, ‘अप्पा, मीटिंगमध्ये आहे. आई ठीक आहे ना?’

‘आई ठीक आहे. हळदीकुंकवाला गेलीय, समाजाच्या हॉलवर. धना, एक विचारायचं होतं. समजा, एखाद्यानं शॉर्टकटच्या आत जाऊन फायली पुसल्या...’

‘एखाद्यानं म्हणजे तुम्ही.’

‘समजा.’

दार उघडल्याचा, मग मिटल्याचा आवाज आला. तिचा आवाज मोठा झाला. ‘कुठल्या मशीनवर? तुमच्या की आईच्या?’

‘माझ्या. बाण होता गं त्यावर.’

‘फोल्डरवर बाण होता. आतल्या फायलींवर होता का?’

हयवदनरावांनी डोळे मिटले. पट्टी सरकायच्या आधीचा पडदा त्यांना स्पष्ट दिसला. दोनशे बारा फायली, एकीवरही बाण नाही. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदावरचा नंबर तपासलेला माणूस.

‘नव्हता,’ ते म्हणाले.

‘अय्यो अप्पा.’ ती म्हणाली. ‘तुमच्या लॅपटॉपवरचा तो शॉर्टकट नव्हता. सिंबॉलिक लिंक आहे ती, मीच करून दिली होती. आईच्या विंडोजवर आहे तो शॉर्टकट. ती एक छोटी फाईल असते, आत नुसता पत्ता लिहिलेला. तुमची चिठ्ठीच. उघडली की विंडोज पत्ता वाचून तुम्हाला तिकडं नेऊन सोडतं. लिंकचं तसं नाही. लिंक म्हणजे दार. आत पाऊल टाकलं की तुम्ही खऱ्या घरात. तिथं जे कराल ते खऱ्यालाच होतं. यंत्राला सुद्धा वेगळं कळत नाही, सगळ्या प्रोग्रामांना वाटतं आपण मूळ जागीच आहोत.’

‘मग बाण कशाला काढतात?’

‘सांगायला, की ही लिंक आहे.’

‘दोन्हीला बाणच?’

‘अप्पा, आयकॉन मी नाही काढले.’ मग जरा मऊ होऊन, ‘नुसता तो फोल्डर उडवला असता ना, आत न जाता, तर काही झालं नसतं. लिंक गेली असती, फायली तशाच राहिल्या असत्या.’

‘मी पद्धतशीर केलं,’ हयवदनराव म्हणाले. ‘आधी आतलं, मग बाहेरचं.’

‘तेच नडलं.’

त्यांना एकदम यल्लाप्पा आठवला. तीस वर्षांत आठवला नव्हता. स्टोअरमध्ये नवा लागलेला, गदगकडचा, पायात नव्या करकरणाऱ्या चपला. एका एप्रिलमध्ये त्यानं पिवळ्या कार्डांबरोबर एक पिवळं पडलेलं मूळ ट्रेसिंग फाडलं. गिअरबॉक्सचं होतं. तो टेबलापुढं उभा होता, हातात दोन तुकडे, जोडून धरलेले, जणू सोडले नाहीत तर फाटलेले ठरणार नाहीत. ‘सार, दिसायला सारखंच होतं,’ तो म्हणाला होता. आणि हयवदनराव वर न बघता म्हणाले होते, ‘दिसायला सारखं असतं म्हणून तर तुला पगार देतात.’ वाक्य फक्कड जमलं होतं. दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांनी ते चार जणांना ऐकवलं. यल्लाप्पाची बदली फाउंड्रीत झाली. आईला हे कुठून कळलं कोण जाणे. ती रात्री एवढंच म्हणाली होती, ‘त्या पोराचं तोंड बघितलंस काय तू?’ त्यांनी बघितलं नव्हतं. ते रिपोर्ट लिहीत होते. आईच्या न बोलण्याला आणि यल्लाप्पाला काही संबंध नव्हता, मध्ये इतकी वर्षं गेली होती. पण आत्ता, गालावर वाळलेला साबण घेऊन, दोन्ही गोष्टी एकाच ट्रेमध्ये सापडत होत्या.

‘अप्पा? ऐकताय ना? आईचा बॅकअप असेल की. तिनं पेन ड्राईव्हवर घेतलं होतं ना हॉलमध्ये ऐकवायला?’

हयवदनरावांना आठवलं. हो! काल संध्याकाळीच. त्यांच्या समोर. वाणीनं पडद्यावरचा ‘अक्का’ उचलून पेन ड्राईव्हवर सोडला होता आणि ‘झालं पण?’ म्हणाली होती. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर नऊ वर्षं चढली. त्यांनी स्वतः म्हटलं होतं, ‘पेन ड्राईव्ह चांगला दिसतोय.’ मग तिनं चष्मा सारखा करून विचारलं होतं, ‘हे दोन केबी म्हणतंय. पुरे काय?’ आणि त्यांनी खुर्चीतून न उठता सांगितलं होतं, ‘के म्हणजे हजार. पुरेल.’

हे सगळं त्यांनी मुलीला जसंच्या तसं सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. ती रडतेय की हसतेय हे कळायला मार्ग नव्हता.

‘पेन ड्राईव्हवर तो शॉर्टकटच गेला अप्पा. नुसती चिठ्ठी. हॉलच्या कॉम्प्युटरला लावली की तो आपल्या घरातल्या डब्याचा पत्ता तिथं हुडकणार, आणि सापडत नाही म्हणणार.’

म्हणजे नवऱ्यानं खरी वस्तू चिठ्ठी समजून फाडली होती, आणि बायको चिठ्ठी खरी वस्तू समजून, पर्समध्ये, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी घालून घेऊन गेली होती. दोघांच्या मध्ये आता काही नव्हतं.

‘असं काही नसतं का,’ हयवदनरावांनी विचारलं, ‘की मूळ वस्तू कुठंही गेली तरी चिठ्ठीला कळतं?’

‘ऑफिसच्या मॅकवर असतं. एलियास म्हणतात. मूळ फाईल दुसरीकडं हलवली तरी ती बहुतेक वेळा शोधून काढते. पण हलवली तर, अप्पा. पुसली तर कुणीच काही करू शकत नाही.’ मग तिनं कामाचा आवाज काढला. ‘आता ऐका. त्या काळ्या डब्याची वायर काढा. आत्ता. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर थोडंफार परत मिळू शकतं. उद्या शनिवार, मी येते. मिळेलच असं नाही. कशालाही हात लावू नका.’

‘आईला सांगू?’

‘तुम्हीच सांगा,’ धना म्हणाली, ‘आणि शॉर्टकटनं नको.’

शोकेसमधला काळा डबा. वाणीनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, आणि आयुधपूजेला कारखान्यातून घरी आलेल्या फूटपट्टीबरोबर त्यालाही गंध लागलं होतं. ते अजून होतं. हयवदनराव वायर धरून उभे राहिले. पूजेला सुपारीचा गणपती मांडतात, अक्षता टाकून त्याला उठवतात, आणि ती सुपारी परत डब्यात जाते; गणपतीला काही होत नाही. ती चिठ्ठी. पण देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या मूर्तीला आई रोज गरम पाण्यानं न्हाऊ घालायची आणि थंडीत म्हणायची, ‘त्याला काकडा भरतोय.’ ते दार. चौतीस वर्षं शिकवलेला सिद्धांत घरातल्या देव्हाऱ्यात रोज सकाळी सात वाजता मोडत होता आणि त्यांनी तिकडं पाहिलं नव्हतं. ते पेपर वाचत होते. त्यांनी वायर ओढली. डब्यावरचा निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला. आत कुठंतरी फिरत असलेलं काहीतरी मंदावत, मंदावत थांबलं. सतरा नंबर त्या थांबण्यात आहे की नाही, हे आता उद्यापर्यंत कुणाला कळणार नव्हतं.

साडेअकरा झाले होते. हॉलमध्ये सतरंज्या पडल्या असतील. सेक्रेटरी सुब्बाराव माईकवर फुंकर मारत असतील. पुढच्या खुर्च्यांवर अक्का, जरीच्या साड्या, काहींना नातसुनांनी धरून आणलेलं. आपला आवाज पेटीतून ऐकायचा म्हणून तीन दिवस झोप नसलेल्या. वाणी पर्स उघडेल. त्यांनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. तिचा फोन कार्यक्रमात नेहमी मुका असतो. ती नियम पाळणारी आहे. शर्ट घालून रिक्षा करावी असं ठरवून ते आत गेले, एका बाहीत हात घातला, आणि पडद्यावर रिकामा ‘अक्का’ तसाच उघडा आहे हे दिसल्यावर दुसरी बाही मोकळी ठेवून पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी एक गोष्ट करून पाहिली. आईचा आवाज आठवायचा. शब्द आठवत होते. बसचे नंबर आठवत होते. आवाज येत नव्हता. जिथं आवाज असायला हवा तिथं एक पिवळं कार्ड होतं, त्यांच्याच अक्षरातलं: सतरा नंबर, वाणीकडे.

फोन वाजला तेव्हा अकरा एकेचाळीस झाले होते.

‘अहो,’ वाणीबाई म्हणाल्या. मागं प्रचंड गलका होता. ‘हे उघडंना झालंय. सापडत नाही म्हणतंय. सुब्बारावअण्णा तीनदा काढून लावून बघायलेत.’

‘वाणी,’ हयवदनराव उभे राहिले. बाही लोंबत होती. ‘ते उघडणार नाही. त्यात काही नाहीये. नुसता पत्ता आहे. आणि त्या पत्त्यावर होतं ते मी पुसलं. आज सकाळी. सगळं. मला वाटलं कार्डं आहेत. धना उद्या येतेय, थोडं मिळेल म्हणते, कदाचित नाही. माझी चूक. काल तू विचारलंस तेव्हा मी उठून बघितलं नाही, ती पण माझीच.’

 मागचा गलका चालूच होता, आणि आता त्यांना तो नीट ऐकू यायला लागला. एक म्हातारा, चिरका आवाज कुणाला तरी दटावत होता, ‘असं न्हवे गं, आमच्याकडं तसं म्हणत न्हवते, स्वल्प गप्प बस, मी सांगते.’ दुसरा हसत होता. तिसरी गात होती, मध्येच थांबून पुढची ओळ शेजारणीला विचारत होती. मग तो आवाज लांब गेला; वाणी हॉलच्या बाहेर आली असावी.

‘सगळं?’ तिनं विचारलं.

‘सगळं.’

‘किती वेळ लागला?’

‘अकरा सेकंद.’

तिचा श्वास ऐकू आला. एकदा, परत एकदा. हयवदनरावांना वाटलं, ओरड. ओरडली असती तर कुठं उभं राहायचं ते कळलं असतं.

‘ते चालंना झाल्यावर पद्मावतीअक्का उठल्या,’ ती सावकाश म्हणाली, एकेक शब्द ठेवत. ‘म्हणाल्या, पेटी कशाला, मी हाय की बसलेली. तेव्हापासून सगळ्या सुटल्यात. मी फोनवर घ्यायलेय.’ मग तिनं मोजून सांगितलं. ‘चौतीस आहेत. एकोणीस नाहीत.’

‘वाणी,’ ते म्हणाले, आणि सहा वर्षं जे पुढं ढकललं होतं ते एका दमात तोंडातून बाहेर पडलं. ‘सतरा नंबरात शेवटी आई काय म्हणाली होती माझ्याबद्दल?’

 आत कुणीतरी ‘वाणीक्का! वाणीक्का!’ म्हणून हाका मारत होतं.

‘मला पाठ आहे ते,’ ती म्हणाली. ‘आत्ता सांगणार नाही. इथं माझा फोन आठ टक्क्यांवर आलाय. चार्जर घेऊन या, पलंगाच्या कडेचा, जाड पिनचा. आणि निघायच्या आधी तो दुसरा गाल करा.’